मडक्यात बोलणारा बूथ

ताईंनी रेकॉर्ड केलेली पहिली फाइल आली तेव्हा सोबत एकच ओळ होती. "दादा, घरी रेकॉर्डिंगचा बूथ बांधून घेतला, पण आवाज मडक्यातून येतोय." फाइल ऐकली. तक्रार तंतोतंत खरी होती. शब्द स्पष्ट, उच्चार नेटके, पण प्रत्येक वाक्याच्या पोटात एक ढोल दडलेला.

ताई ध्वनिपुस्तकांचं वाचन करतात आणि अधूनमधून गाण्याचा आवाजही घरूनच रेकॉर्ड करून पाठवतात. त्यांच्याकडे इमारतीच्या वरच्या मजल्यावरची एक खोली मोकळी होती. ती ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७५ मीटर उंच, आणि तिची खिडकी रस्त्याकडे उघडणारी. त्या खोलीच्या कोपऱ्यात मिस्त्रींनी कपाटासारखा बूथ उभा केला होता. आतून १.२ बाय १.२ मीटर, उंची २.१. भिंती १२ मिलिमीटर प्लायच्या, आतून वरपासून खालपर्यंत २५ मिलिमीटर जाडीचा पिरॅमिड फोम, छताला छोटा एक्झॉस्ट पंखा. दिसायला अगदी फोटोतल्या स्टुडिओसारखा.

तक्रारी तीन होत्या. आवाज घुमतो, रस्त्यावरची गाडी तरीही ऐकू येते आणि अर्ध्या तासात डोकं जड होतं. चौथी तक्रार काम देणाऱ्यांची होती, शांततेत गोंगाट फार. ऑडिबलच्या एसीएक्स या मंचाच्या अटी या धंद्यात बऱ्याच ठिकाणी मापदंड म्हणून धरल्या जातात. डिजिटल फाइलमध्ये शून्य ही कमाल पातळी, म्हणून आकडे उण्यात असतात. या अटींनुसार आवाजाची सरासरी पातळी, म्हणजे आरएमएस, उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान हवी, शिखरं उणे ३ च्या वर जाता कामा नयेत आणि न बोलतानाचा गोंगाट उणे ६० च्या खाली हवा. ताईंची फाइल वाचनाच्या योग्य पातळीवर आणून मोजली तर गोंगाट उणे ४६ भरत होता. चौदा डेसिबल म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे.

ताईंची पहिली सूचना होती की फोम अजून जाड करूया. तिथेच गाडी थांबवावी लागली. आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांची सामग्रीही निराळी. अडवायला वजन लागतं आणि हवाबंदपणा लागतो. शोषायला सच्छिद्र, तंतुमय, जाड माल लागतो, ज्यातून हवा आरपार जाऊ शकते. ज्यातून हवा जाते त्यातून आवाजही जातो. त्यामुळे फोम बाहेरचा आवाज अडवत नाही, अंड्यांचे ट्रेही अडवत नाहीत, आणि जड चादर फार तर थोडा कडकपणा कमी करते. फोम वाढवून रस्ता शांत करायला निघणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून ठरलं की आधी काही बांधायचं नाही. आधी मोजायचं.

तोडफोड न करता चौदा डेसिबल

मोजायची पद्धत साधी ठेवली. ताई रोज वाचतात त्याच गेनवर, म्हणजे माइकचा आवाज तेवढाच वाढवून, अर्धा मिनिट वाचायचं, मग अर्धा मिनिट श्वास रोखल्यासारखं गप्प बसायचं. वाचनाची पातळी उणे २० वर आणायची आणि गप्प भागाचा आरएमएस बघायचा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. बहुतेक घरगुती स्टुडिओत गोंधळ इथेच सुरू होतो.

गप्प भागाचा आलेख पाहिला तर ऊर्जेचा मोठा ढीग ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, खाली होता. लांबून जाणाऱ्या ट्रकची घरघर, इमारतीची थरथर. ही इतकी खालची वारंवारिता भिंतीने अडवायची तर टनावारी वजन लागतं. पण ताईंचा बोलण्याचा मूळ स्वर २०० हर्ट्झच्या आसपास आहे. ८० च्या खाली त्यांच्या आवाजात कामाचं काहीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे स्वर कापणारी चाळणी, लावला आणि गोंगाट उणे ५० वर आला. जे फिल्टर फुकटात करतो त्यासाठी भिंत कशाला बांधायची? बूथची चर्चा करताना हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, असा माझा अनुभव आहे. अर्थात कुणाला घरी तबला किंवा बास गिटार रेकॉर्ड करायचा असेल तर हे गणित कोसळतं. इथे माणसाचा आवाज आणि तोही स्त्रीचा, म्हणून ते चाललं.

दुसरी गोष्ट माइकच्या अंतराची. "प", "फ", "भ" म्हणताना माइकवर हवेचा धक्का बसतो, म्हणून ताई ४० सेंटिमीटर लांब बसत होत्या. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि गोंगाट तिथेच राहतो. पॉप फिल्टर, म्हणजे हवेचा धक्का अडवणारी जाळी, लावून, माइक तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला वळवून २० सेंटिमीटरवर आणला. प्रत्यक्षात ५ डेसिबल हाती लागले. उणे ५५. जवळ आल्यावर कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरूनच ऐकणाऱ्या, माइकमध्ये खालचे स्वर फुगतात, तेवढं इक्वलायझरमध्ये सावरून घेतलं.

मग बूथच्या छतावरचा पंखा बंद केला. उणे ५८. गोंगाट घालवायला बांधलेल्या बूथमध्ये गोंगाटाचा एक कारखाना छतालाच लटकत होता. त्यानंतर कॉम्प्युटरचा डबा लांब केबल टाकून खोलीबाहेर काढला. उणे ६०.

म्हणजे अट पूर्ण झाली होती, पण काठावर. एक मोठी गाडी गेली की वाक्य पुन्हा.

खिडकी

खिडकीची सरकती झडप एकाच काचेची, ४ मिलिमीटर जाडीची. सरकत्या झडपेच्या खाचेत हाताला वारा लागत होता, आणि वारा येतो तिथून आवाज येतो. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या पृष्ठभागाचा १ टक्का भाग उघडा राहिला तर बाकीचा ९९ टक्के भाग कितीही जड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही. भोक एक हजारांश असेल तर ३० डेसिबलवर मर्यादा येते. भोकाचा हिशेब असा निर्दय असतो.

जुनी झडप काढली नाही. तिच्या आतल्या बाजूला, १० सेंटिमीटर अंतर सोडून, थराच्या सुरक्षा काचेची दुसरी स्थिर चौकट बसवली. काच मुद्दाम ६ मिलिमीटरहून थोडी जाड घेतली. प्रत्येक काचेची एक वारंवारिता असते जिथे ती स्वतःच आवाजाला साथ देऊ लागते. ४ मिलिमीटरला ती ३००० हर्ट्झच्या आसपास, ६ मिलिमीटरला २००० च्या आसपास. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असत्या तर दोघींची कमजोरी एकाच जागी आली असती. चौकटीभोवती कधीही न सुकणारं अकॉस्टिक सीलंट भरलं. उणे ६४.

आता गंमत बघा. शांततेची सगळी लढाई बूथला हात न लावता जिंकली होती. मी ताईंना म्हटलं, "हा बूथ मोडा आणि खोलीच्या कोपऱ्यातच जाड शोषक पॅनल लावून वाचा. जागाही मोकळी होईल, आवाजही खुलेल."

ताईंनी मान हलवली नाही. "दादा, तुम्ही रस्त्याचं बघताय. मला घरातलं बघायचंय. माणसं बोलतात, भांडी वाजतात, दारं आपटतात. आणि रात्री गायला बसले तर शेजारी ऐकू जाता कामा नये."

ताईंचं म्हणणं बरोबर होतं. मी फक्त आत येणाऱ्या आवाजाचा विचार करत होतो. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा हिशेब माझ्या वहीत नव्हता. बूथ हवाच होता. मात्र हा नव्हे.

मडकं कुठून आलं

बंद खोक्यात समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीच्या उभ्या लहरी तयार होतात. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की पहिली अनुनादी वारंवारिता, म्हणजे ज्या सुरावर ते खोकं घुमतं ती, मिळते. १.२ मीटरसाठी ती १४३ हर्ट्झ येते. ताईंच्या बूथची लांबी आणि रुंदी सारखीच, त्यामुळे १४३ वर दोन अनुनाद एकावर एक बसले होते. चार भिंतींनी मिळून होणारा पुढचा अनुनाद २०२ हर्ट्झवर पडत होता. ताईंचा मूळ स्वर नेमका तिथेच. चौकोनी कपाटाने त्यांच्याच सुरात सूर मिसळला होता. त्यात जागा नाही म्हणून माइकचा दांडा कोपऱ्यातून काढलेला, आणि कोपरा ही बूथमधली अशी जागा की तिथे प्रत्येक अनुनादाचा दाब सर्वाधिक असतो.

फोमने हे शोषायला हवं होतं ना? सच्छिद्र माल भिंतीला चिकटवला तर तो पूर्ण ताकदीने काम करतो ते ज्या लहरीची पाव लांबी त्याच्या जाडीएवढी आहे तिथून वर. २५ मिलिमीटरला हा आकडा येतो सुमारे ३४०० हर्ट्झ. त्याच्या खाली परिणाम हळूहळू ओसरतो आणि २०० हर्ट्झला तर फोम जवळजवळ पारदर्शक असतो. म्हणजे फोमने "स" आणि "श" ची चमक खाल्ली आणि ढोल जसाच्या तसा सोडला. बिनफोमचा बूथ निदान समतोल घुमला असता. फोम लावल्यावर वरचं सगळं गेलं आणि खालचं मडकं उघडं पडलं.

ताईंना कुणीतरी सांगितलं होतं की बूथचा निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर घुमणं विरायला लागणारा वेळ, एक दशांश सेकंदाच्या आत आणा, म्हणजे झालं. निनादकाळाचं सूत्र वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमधल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्रयोग करून शोधलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मोजायचं आणि सकाळच्या आत परत ठेवायच्या, अशी ती मेहनत. पण ते सूत्र जिथे आवाज सगळीकडे सारखा पसरतो अशा मोठ्या जागेसाठी आहे. तीन घनमीटरच्या खोक्यात साधारण ५०० हर्ट्झच्या खाली आवाज पसरत नाही, काही ठरावीक सुरांवर साचून राहतो. तिथे एका आकड्यात निनादकाळ सांगण्याला अर्थ नाही.

मिस्त्रींचा उपाय

मिस्त्री अनुभवी माणूस. त्यांचा प्रस्ताव ऐकायला सुज्ञ होता. "बाहेरून अजून एक प्लाय मारू. मध्ये एक इंचाची पट्टी, पोकळी राहील. पोकळीने आवाज तुटतो."

पोकळीने आवाज तुटतो हे खरं, पण ठरावीक वारंवारितेच्या वरच. दोन पडदे आणि मधली हवा मिळून एक स्प्रिंग तयार होते, आणि त्या स्प्रिंगच्या स्वतःच्या सुरावर दोन पडदे एका पडद्याहूनही वाईट वागतात. १२ मिलिमीटर प्लायचं वजन चौरस मीटरला सात किलोच्या आसपास. असे दोन पडदे आणि मध्ये २.५ सेंटिमीटर हवा धरून हिशेब केला तर हा सूर येतो २०० हर्ट्झच्या जवळ. पुन्हा ताईंचाच स्वर! बूथ आतून घुमत होता तो आता बाहेरूनही सुरात गायला लागला असता.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा मिस्त्री बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग पट्टी न घालता थेट चिकटवला तर?" अगदी बरोबर. पोकळी न ठेवता वजन दुप्पट केलं तर सगळीकडे सुमारे ६ डेसिबल वाढतात आणि नवा खड्डा पडत नाही. पुढचं सगळं काम याच माणसाने केलं, आणि इतकं चोख की पट्टी मारण्याच्या त्या प्रस्तावाबद्दल मी पुन्हा कधी बोललो नाही.

नवा बूथ

पहिला आराखडा दुहेरी भिंतींचा होता. खोलीत खोली, दोन स्वतंत्र चौकटी, प्रत्येकीवर जिप्सम बोर्डाचे दोन थर. तो वजनाने मारला. १२.५ मिलिमीटर जिप्समचे दोन थर म्हणजे चौरस मीटरला जवळपास २० किलो. बाहेरून १.७५ बाय २.०५ मीटरच्या बूथसाठी नुसते बोर्डच ८०० किलोंवर जात होते, आणि चौकट, दरवाजा, जमीन धरून आकडा टनाला टेकत होता. राहत्या घराचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपासचा वापरभार धरून आखलेले असतात. आमचा भार २७० च्या पुढे जात होता. इथे छाती काढण्यात अर्थ नाही. आराखडा एकेरी भिंतीवर आणला. एकूण ५५०-५६० किलो, म्हणजे चौरस मीटरला १५५ च्या आसपास, आणि तोही भिंतीलगत, स्लॅबच्या मध्यावर नाही. तरी कामाला हात घालण्याआधी इमारतीच्या संरचना अभियंत्याला कागद दाखवला.

एकेरी भिंतीत एक युक्ती वापरली. जिप्समचे दोन्ही थर चौकटीच्या बाहेरच्या अंगाला मारले. त्यांच्या मध्ये थरथर जिरवणारं, ओलसर राहणारं डॅम्पिंग कंपाउंड, सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे. आतल्या अंगाला बोर्ड नाहीच. चौकटीची ७.५ सेंटिमीटर खोली उघडी ठेवून तिच्यात रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, भरलं, त्यावर आणखी ७.५ सेंटिमीटरचा थर आणि वर कापड. भिंतीची जाडी आणि शोषकाची जाडी एकाच जागेत मावली. बोर्डापासून बोर्डापर्यंत आतलं माप १.७ बाय २ मीटर, उंची २.३. तिन्ही मापं वेगळी, त्यामुळे पहिले अनुनाद १०१, ८६ आणि ७५ हर्ट्झवर विखुरले, ताईंच्या स्वरापासून लांब.

कागदी हिशेबाने जुना प्लाय १२५ हर्ट्झला १२ डेसिबल अडवत होता, नवा पडदा २१. ५०० हर्ट्झला २४ विरुद्ध ३३. नऊ डेसिबलचा फरक सगळा वजनाचा. खोलीच्या पक्क्या भिंतींपासून बूथ ५ सेंटिमीटर सुटा ठेवला. पक्की भिंत आणि आमचा पडदा मिळून होणारी स्प्रिंग ६० हर्ट्झच्या आसपास बसते, म्हणजे फिल्टरच्या खाली.

कागदावर न दिसलेली अडचण उभारणीच्या दिवशी दिसली. कोपऱ्यातल्या दोन भिंतींना बाहेरून बोर्ड मारणार कसे? मागे ५ सेंटिमीटर जागा, तिथे हातच जात नाही. शेवटी त्या दोन भिंती जमिनीवर आडव्या पाडून पूर्ण केल्या, सांधे भरले, मग उभ्या करून मागे सरकवल्या. मोठ्या भिंतीचे बोर्डच ९२ किलोंचे. चार माणसं, एक फळकुट आणि बऱ्याच आरोळ्या. त्या दिवशी शेजाऱ्यांनी जे ऐकलं तेवढं त्यांना बूथमधून पुन्हा कधी ऐकू यायचं नाही. जमीन जुन्या बूथच्या प्लायचे थर जोडून केली आणि तिच्याखाली रबराचे तुकडे दिले.

दरवाज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. ०.७५ बाय २ मीटरचा भरीव दरवाजा, ४० किलोंचा. त्याच्या कडेने चहूबाजूंनी ३ मिलिमीटर फट राहिली तर तिचं क्षेत्रफळ दरवाज्याच्या १ टक्क्याला पोचतं, म्हणजे पुन्हा तीच २० डेसिबलची भिंत. दरवाजा शिशाचा करा, फरक पडणार नाही. म्हणून चौकटीला दोन पायऱ्या, दोन्हींवर रबरी गॅस्केट, खाली २ सेंटिमीटरचा उंबरठा आणि चार बिजागऱ्या. तपासणी दोन प्रकारे केली. खोलीत अंधार करून बूथमध्ये दिवा लावला आणि कडेने प्रकाश गळतो का ते पाहिलं. मग कागदाची पट्टी गॅस्केटमध्ये धरून दरवाजा लावला आणि ओढून पाहिली. बिजागरीच्या खालच्या बाजूला पट्टी अलगद निघाली. तिथे चौकट दोन मिलिमीटर मागे होती. पाचर घालून सरळ केली.

श्वास

बूथ जितका चांगला हवाबंद, तितका राहायला वाईट. बसून बोलणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. जुना बूथ तीन घनमीटरचा. तो पंखा बंद करून लावला तर अर्ध्या तासात प्रमाण दशलक्षात ३००० भागांनी वाढतं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं आणि खोलीत १००० च्या आत ठेवावं असं सर्वसाधारणपणे मानतात. ताईंचं जड झालेलं डोकं तक्रारखोर नव्हतं.

१००० च्या आत राहायला तासाला ३१ घनमीटर ताजी हवा पुरते. मी आधी तेवढंच धरलं होतं. पण माणूस बसल्या जागी १०० वॉटच्या आसपास उष्णताही सोडतो, आणि ३१ घनमीटर हवा ती नेईपर्यंत स्वतः दहा अंशांनी तापते. श्वासाला लागते त्याच्या दुप्पट हवा घामाला लागते. आकडा ६० वर नेला.

एवढी हवा आवाज न करता न्यायची तर ती सावकाश न्यावी लागते. १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून ती सेकंदाला दोन मीटरच्या वर धावली असती आणि जाळीशी सुसकारली असती. १५ सेंटिमीटरच्या नळीत वेग एक मीटरच्या आत राहिला. पंखा बूथपासून लांब, खोलीच्या दाराशी, रबरी लोंबत्या पट्ट्यांवर, अर्ध्या गतीने. हवा आत येताना आणि बाहेर जाताना एकेका जाड पेटीतून जाते. पेटीत तीन वळणं आहेत आणि आतून रॉकवूल. हवेला वळणं चालतात, आवाज प्रत्येक वळणावर लोकरीत अडकतो. जी हवा आत ढकलतो तेवढीच बाहेर जायला वाट हवी, हे सांगण्याची गरज नसावी, पण मी नुसती एक नळी असलेले बूथ पाहिले आहेत.

अस्तर आणि माइक

१५ सेंटिमीटर जाडीचा शोषक पूर्ण ताकदीने काम करतो तो साधारण ५७० हर्ट्झपासून, आणि त्याच्या निम्म्यावरही बऱ्यापैकी. चारातले दोन कोपरे छतापर्यंत लोकरीने भरून टाकले, कारण साचलेला आवाज तिथेच सापडतो. मात्र सगळंच शोषलं तर आवाज कापसात गुंडाळल्यासारखा होतो आणि गाणाऱ्याला स्वतःचाच सूर सापडत नाही. म्हणून एका भिंतीवर कापडावरून लाकडी पट्ट्या अंतरा-अंतराने लावल्या. त्या वरचे स्वर थोडे परत देतात, खालचे फटींतून मागे जाऊ देतात. किती पट्ट्या हे हिशेबाने ठरवलं नाही. ताई गात होत्या, मिस्त्री पट्ट्या लावत आणि काढत होते.

पहिल्या दिवशी वाचनात एक पोकळपणा मात्र उरला. मोजणीच्या आलेखात ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झवर कंगव्यासारखे दात पडलेले, म्हणजे तिथे आवाज खचलेला. ही खूण ओळखीची आहे. कुठून तरी तोच आवाज एक मिलिसेकंद उशिरा, म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर जास्त वाट चालून माइकपर्यंत येत होता. गुन्हेगार बूथ नव्हताच. वाचनाचा टॅबलेट ज्या गुळगुळीत स्टँडवर आडवा ठेवला होता, तो होता. स्टँड तिरका उभा केला, त्याच्यावर जाड नमदा चिकटवला आणि दात बुजले. सगळा बूथ पुन्हा उकलायची तयारी ठेवलेल्या मिस्त्रींनी सुटकेचा श्वास टाकला.

माइक आता कोपऱ्यात नाही. बूथच्या लांबीच्या मध्यापासून थोडा पुढे, जाड भिंतीकडे पाठ करून. वायुवीजन चालू ठेवून गोंगाट उणे ६९ भरला.

जे जमलं नाही

बूथने खोलीचा कोपरा खाल्ला आणि उरलेली जागा एल आकाराची झाली. स्पीकरसमोर बसून मिश्रण, म्हणजे मिक्सिंग, करायचं तर डावी-उजवी बाजू सारखी लागते. ती आता नाही, आणि पॅनल लावून ती येणारही नाही. ताई काटछाट हेडफोनवर करतात आणि गाण्याचं अंतिम मिश्रण दुसरीकडे होतं. कुणाला संगीत मिश्रणासाठीच घरी स्टुडिओ हवा असेल तर एवढ्या खोलीत बूथ बांधू नका, असंच मी सांगेन.

दुसरी हार पाण्याच्या पंपाची. तो तळमजल्यावर आहे, पण त्याची थरथर खांबांतून, स्लॅबमधून चढते आणि बूथच्या जमिनीतून वर येते. रबराच्या तुकड्यांनी ती कमी झाली, गेली नाही. हवेतून येणाऱ्या आवाजावर वजन चालतं. इमारतीच्या हाडांतून येणाऱ्याला सुटी जमीनच हवी, आणि तिच्यासाठी ना वजनाची मुभा उरली होती ना उंची. ताईंनी पंप चालू होण्याच्या वेळा आठवडाभर टिपल्या. तो कागद आता बूथच्या दरवाज्यावर आतून चिकटवलेला आहे, आणि त्या वेळांना त्या पुढचं प्रकरण मनातल्या मनात वाचून ठेवतात.